आधी रिकामी चालव

शनिवारीत ती काट्यावर होती.
एका पारड्यात वजनं, दुसऱ्यात ती, तिरकी.
भंगारवाला म्हणाला, चाळीसनं लावतो, पाय वेगळे.
मी पायांसकट घेतली.
ऑटोच्या मागं स्टँड बांधला, डोकं मांडीवर,
कॉटन मार्केटपासून थेट मानेवाड्यापर्यंत
दर खड्ड्याला तिच्या आत काहीतरी
चमच्यासारखं वाजत होतं.

मंदाकिनीनं दारातच विचारलं, शिवणार कोण?
खरंच, कोण?
तीस वर्षं मी रेल्वेच्या ऑफिसात दुसऱ्यांचे पगार काढले.
बटण तुटलं की शर्ट बदलला.

चाक हलेना.
जुनं तेल आत राळेसारखं घट्ट झालेलं.
म्हणजे कुणीतरी तिला तेल घालून ठेवलं होतं,
उद्या बसू म्हणून.

गोळीबार चौकातल्या धकाते मावशींनी
ती बघायच्या आधी हुंगली.
"घासलेट पाज रातभर. जोर केला का दात तुटते.
मंग जिथं भोक दिसन तिथं तेल.
भोक कायले असते मंग?
अन् दोरा नोको लावू बाप्पा आत्ताच,
आधी रिकामी चालव.
चाक आपल्याकडं फिरवाचं."

चार दिवस रिकामी चालवली.
टाच, चवडा, टाच,
आणि मध्येच चाकाचं मन बदलायचं,
ते उलटं धावायचं, पट्टा सुटायचा,
मी पुन्हा वाकून पट्टा चढवायचो.
घाम नाकावरून तिच्या सोनेरी मोरांवर.
दोन मोर आहेत. डावा स्पष्ट.
उजवा कुणाच्या तरी मनगटानं
वर्षानुवर्षं पुसत आणलेला, पिसारा गेला, फक्त चोच उरली.

पाचव्या दिवशी कागद.
एप्रिलचं वीजबिल घेतलं, तेच हाताशी होतं.
ग्राहक क्रमांकापासून बरी निघाली,
देय रकमेपाशी थरथरली,
मग समासाबाहेर.
खिडकीत धरलं तर उजेडाच्या ठिपक्यांची रेघ.
माझ्या हातानं झालेली पहिली रेघ
जिच्यावर कुणाची सही लागत नव्हती.

पट्टी सरकवली तेव्हा खाली शटल सापडलं,
बोटभर, डोंग्यासारखं,
आत बॉबिनवर खाकी दोरा, अजून वीसेक वेढे.
पोस्टमनची खाकी? गिरणीच्या रखवालदाराची?
शिवण अर्धी सुटली असेल
किंवा पुरी होऊन दोरा उरला असेल.
मी दुसरं धरून चालतो.
मावशी म्हणाल्या, कुजला असन, फेक.
ओढला तर तुटला, आवाजसुद्धा नाही.
औषधाच्या रिकाम्या डबीत ठेवलाय. मंदाला सांगितलेलं नाही.

नवा दोरा पांढरा.
वरून निघून किती ठिकाणी वळतो, मोजणं सोडलं.
खालचा वर आणायची युक्ती मात्र सोपी:
वरचं टोक डाव्या हातात सैल धरायचं,
उजव्यानं चाकाचा एक फेरा,
सुई बुडी मारते आणि येताना
खालच्याला बोटाला धरून घेऊन येते.
हे मी गरज नसताना सात-आठदा केलं.

आता काय शिवायचं?
कूलरच्या पंपात दर उन्हाळ्यात गवताच्या काड्या अडकतात,
पाणी थांबतं, रात्री दोनला उठावं लागतं.
मंदानं जुन्या परकराचा तुकडा दिला, न बोलता.
पंपाला पिशवी. तीन बाजू शिवायच्या, एक सोडायची.
एक टाका ढिला, पुढचा आवळलेला,
एका कोपऱ्यात कापड संपलं तरी मी चालतच होतो.
मंदा म्हणाली, ही बाजू उघडी राहिली.
म्हटलं, ते तोंड आहे.
म्हणाली, आणि ही?

ती दुसरी पुन्हा शिवली.
रात्री पिशवी पंपावर चढवून टाकीत सोडली.
बुडाली. आता कुणाला दिसायची नाही.

दोनला जाग आली, सवयीनं.
भिंती अजून तापलेल्या,
कूलर चालू, पाणी जाळ्यांतून उतरत होतं.
पडून राहायला हरकत नव्हती.
उठलो, बाहेरच्या खोलीत अंधारात
चाकावर हात ठेवला
आणि अर्धा फेरा फिरवला,
आपल्याकडं.